अंतर तेच, मग तास वेगळे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लंडनच्या हीथ्रोपासून सिंगापूरच्या चांगी विमानतळापर्यंतचं अंतर कॅल्क्युलेटर 10,885 किलोमीटर दाखवतो. विमान ताशी 900 किलोमीटरने जातं असं म्हणतात, म्हणजे बारा तासांत पोहोचायला हवं. पण उन्हाळ्यातल्या तिकिटावर जाताना रात्री 9:00 ला सुटून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5:10 ला पोहोचणार असं लिहिलंय, आणि येताना रात्री 11:30 ला सुटून सकाळी 6:40 ला. वजाबाकी केली की जाताना वीस तास आणि येताना सात. यातलं खरं काय? आणि सिंगापूरहून पुढचं विमान दोन तासांनी आहे, ते मिळेल का?

मी बरीच वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम केलं. विमान सुटण्याआधी त्याचा मार्ग, इंधन आणि लागणारा वेळ ठरवायचा, आणि त्या कागदावर कॅप्टनबरोबर सही करायची, असं हे जमिनीवर बसून करायचं काम. तुम्ही विचारलंय अंतर, पण तुम्हाला हवाय तो वेळ, आणि तोही हवेतला नव्हे. सिंगापूरच्या गेटवर दार केव्हा उघडेल, हा तुमचा खरा प्रश्न आहे. अंतरावरून तिथपर्यंत जाता येतं, पण वाटेत तीन-चार ठिकाणी हिशोब बदलतो.

आधी वीस आणि सात तासांचा गोंधळ मिटवू, कारण तो सगळ्यात सोपा आहे. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या विमानतळाची स्थानिक वेळ असते. उन्हाळ्यात सिंगापूर लंडनच्या सात तास पुढे असतं. हिवाळ्यात ब्रिटनमधली घड्याळं एक तास मागे घेतात आणि सिंगापूर आपलं घड्याळ कधीच हलवत नाही, म्हणून तेव्हा फरक आठ तासांचा होतो. तुमच्या वेळापत्रकात जातानाच्या 20 तास 10 मिनिटांतून सात वजा केले की 13:10 येतात. येतानाच्या 7:10 मध्ये सात मिळवले की 14:10. म्हणजे खरे आकडे हे: जाताना 13 तास 10 मिनिटं, येताना 14 तास 10 मिनिटं.

टाइम झोन आठवत नसला तरी चालणारी एक युक्ती सांगतो. जातानाची आणि येतानाची घड्याळी वजाबाकी एकमेकांत मिळवा आणि निम्मी करा. 20:10 अधिक 7:10 म्हणजे 27:20, त्याचे निम्मे 13:40. ही झाली दोन्ही दिशांची सरासरी. टाइम झोन एकदा मिळवला जातो आणि एकदा वजा होतो, त्यामुळे तो आपोआप नाहीसा होतो. टोकियोहून लॉस एंजेलिसला जाणारं विमान संध्याकाळी सुटून त्याच तारखेच्या सकाळी पोहोचतं, तिथेही ही युक्ती चालते. फक्त अशा ठिकाणी जातानाची वजाबाकी ऋण येते, ती ऋणच ठेवायची.

आता अंतर. 10,885 किलोमीटर हा आकडा बरोबर आहे. पृथ्वीच्या गोलावर दोन बिंदूंमधली सगळ्यात आखूड रेषा जिच्यावर पडते, तिला ग्रेट सर्कल म्हणतात, मराठी पुस्तकांत बृहद्‌वृत्त. भिंतीवरच्या सपाट नकाशावर ही रेषा वाकडी दिसते आणि सरळ दिसणारी रेषा प्रत्यक्षात लांबची असते. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून धरा, तो बरोबर या रेषेवर बसतो. काही कॅल्क्युलेटर पृथ्वी पूर्ण गोल धरतात, काही ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे हेही मोजतात. या दोन पद्धतींत फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो, म्हणजे तुमच्या प्रवासात तीन-चार मिनिटांचा. त्याची चिंता सोडा.

चिंता करायची ती मैलांची. हेच अंतर 6,764 मैल आहे आणि हेच 5,877 सागरी मैलही आहे. सागरी मैल म्हणजे 1,852 मीटर, आपला नेहमीचा मैल साधारण 1,609 मीटर. वैमानिक आणि आम्ही लोक सागरी मैलात बोलतो, वेबसाइट बहुतेकदा साध्या मैलात. कुणी 5,877 ला साधे मैल समजून किलोमीटर केले तर सुमारे 1,400 किलोमीटर गायब होतात, म्हणजे दीड तास. नव्याने शिकायला आलेली मुलं पहिल्या आठवड्यात हमखास ही चूक करायची. मीही केली होती. आणि अंतर काढताना शहराच्या नावाऐवजी विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका. जगात सिडनी एकच नाही. 2002 मध्ये ब्रिटनचे दोन तरुण ऑस्ट्रेलियाचं तिकीट काढलं असं समजून कॅनडातल्या सिडनीला जाऊन उतरले होते.

आता या आखूड रेषेवरून विमान जातं का? जवळजवळ कधीच नाही. लंडन–सिंगापूरचा दोरा युक्रेनवरून जातो, आणि तिथलं आकाश 24 फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे. त्यामुळे विमानं दक्षिणेकडे वळून जातात. या मार्गावर हा वळसा सोसण्यासारखा आहे. हेलसिंकी–टोकियोचं तसं नाही. रशियाचं आकाश बंद झाल्यावर साडेनऊ तासांचा तो प्रवास तेरा तासांवर गेला आणि काही विमानं चक्क उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. दोन विमानतळांमधलं अंतर मात्र एका मीटरनेही वाढलं नव्हतं. कॅल्क्युलेटर आजही जुनाच आकडा दाखवतो.

आकाश बंद नसलं तरी वळसे असतातच. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक वेळेत गाठता येईल असा विमानतळ हाताशी ठेवूनच उडावं लागतं. सिडनीहून चिलीतल्या सांतियागोला जाणारी आखूड रेषा अंटार्क्टिकाच्या दिशेने खूप खाली उतरते आणि तिथे असे विमानतळच नाहीत, तेव्हा हा नियम चांगलाच जाणवतो. तुमच्या मार्गावर बहुतेक जमीनच आहे, त्यामुळे तो त्रास नाही. शिवाय विमान सुटताना वाऱ्याला तोंड करून धावपट्टी धरतं आणि उतरताना रांगेत येतं, त्यातही थोडे किलोमीटर जातात. हिशोबासाठी आपण आखूड रेषेपेक्षा पाच टक्के जास्त, म्हणजे 11,400 किलोमीटर धरू. कधी ते तीन टक्के असेल, कधी सात. तेवढं त्या दिवसावर अवलंबून राहतं.

आता वारा. जाणं आणि येणं यांत एक तासाचा फरक पडतो तो मुख्यतः यामुळे.

विमानाचा वेग हवेच्या मानाने असतो, जमिनीच्या मानाने नव्हे. होडी वल्हवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याचा वेग पाण्याच्या मानाने तोच राहतो, काठावरची झाडं मात्र कधी भराभर मागे जातात, कधी जागची हलत नाहीत. लांब पल्ल्याची आजची विमानं साधारण ध्वनीच्या 0.85 पट वेगाने जातात. त्या उंचीवर तापमान उणे 56 अंशांच्या आसपास असतं आणि थंड हवेत ध्वनी हळू जातो, म्हणून 0.85 पट म्हणजे ताशी सुमारे 900 किलोमीटर. तुमचा 900 चा आकडा इथूनच आलाय आणि तो चूक नाही. फक्त तो ज्या हवेत मोजलाय, ती हवाच वाहते आहे.

दहा-बारा किलोमीटर उंचीवर, मध्यम अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी 200 किलोमीटरच्याही पुढे जातो, हिवाळ्यात जास्तच. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. पण त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापला, आणि तो वाचणारे जगात किती असणार! पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकन विमानांना हे वारे अंगावर घेऊनच कळले.

हा वारा काय करू शकतो याची दोन उदाहरणं देतो. फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचलं. साधारण 5,540 किलोमीटरचा हा प्रवास, एरवी सहा तासांच्या पुढे जाणारा. त्या दिवशी अटलांटिकवर मोठं वादळ होतं आणि पाठीवर अफाट वारा. जमिनीच्या मानाने वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या वर गेला, तरी विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता. ते आपल्या हवेत नेहमीसारखंच चाललं होतं.

दुसरं उदाहरण माझ्या जास्त आवडीचं. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ही आखूड रेषा सुमारे 12,400 किलोमीटरची, उत्तरेकडून जाणारी. एअर इंडियाचं विमान अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून जायचं. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी दिशाच बदलली आणि पूर्वेकडे तोंड करून पॅसिफिकवरून गेले. अंतर वाढून 15,000 किलोमीटरच्या पुढे गेलं आणि वेळ सुमारे दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आली. जास्त किलोमीटर, कमी तास. आमच्या कामात आम्ही दोन अंतरं लिहितो, एक जमिनीवरचं आणि एक हवेतलं, म्हणजे वारा धरून विमानाला खरोखर किती हवा कापावी लागणार ते. इंधन आणि वेळ दुसऱ्या अंतरावरून निघतात. त्या दिवशी जमिनीवरचं अंतर वाढलं होतं, हवेतलं कमी झालं होतं.

तेव्हा अनेकांनी याचं श्रेय पृथ्वीच्या फिरण्याला दिलं. ते पटण्यासारखं वाटतं, पण चूक आहे. पृथ्वी फिरते तशी तिच्याभोवतीची हवाही तिच्याबरोबर फिरते, नाहीतर सगळीकडे कायम प्रचंड वादळ असतं. चालत्या गाडीत आपण पुढच्या दाराकडे गेलो काय आणि मागच्या दाराकडे काय, पावलं तेवढीच लागतात. फरक पडतो तो फिरणाऱ्या हवेच्याही पुढे धावणाऱ्या वाऱ्यामुळे. पृथ्वीच्या फिरण्याने त्या वाऱ्याला दिशा मिळते हे खरं, पण विमानाला ढकलतो तो वाराच.

तुमच्या मार्गाकडे येऊ. लंडन–सिंगापूर हा मार्ग सरळ पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे, त्यामुळे जेट स्ट्रीम बराच वेळ तिरपी लागते आणि तिचा काही भागच पाठीला मिळतो. विषुववृत्ताजवळ आल्यावर ती उरतच नाही. पावसाळ्याच्या महिन्यांत तर भारतीय द्वीपकल्पावर वरच्या थरांत वारे उलटे, पूर्वेकडून वाहतात, आणि तेवढ्या पट्ट्यात परतीच्या विमानाला मदत होते. हे सगळं जमेस धरून सरासरी ताशी 45 किलोमीटरचा वारा धरला तर जाताना वेग 945 आणि येताना 855. 11,400 ला भागा: जाताना 12 तास 4 मिनिटं, येताना 13 तास 20 मिनिटं.

एक बारीक गोष्ट इथे लोकांच्या नजरेतून सुटते. वारा जाताना जेवढा वेळ वाचवतो, त्यापेक्षा जास्त येताना खातो. वारा 150 चा धरून बघा. जाताना 10 तास 51 मिनिटं, येताना 15 तास 12 मिनिटं, मिळून 26:03. वारा नसता तर दोन्ही मिळून 25:20 लागले असते. त्रेचाळीस मिनिटांचा तोटा, कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो. म्हणून परतीचं विमान सहसा आलेल्या वाटेने जात नाही. जिथे वारा कमी तिथून, थोडा वळसा घेऊन जातं.

आतापर्यंतचा हिशोब: बारा तास होते, वळसा आणि वारा धरून जाताना पुन्हा बाराच्या आसपास आले आणि येताना तेरा-वीस झाले. तिकिटावर मात्र 13:10 आणि 14:10 आहेत. उरलेला वेळ जमिनीवर जातो.

तिकिटावरची वेळ उडण्याची आणि उतरण्याची नसतेच. गेटवर चाकांपुढचे ठोकळे काढले तिथपासून पोहोचल्यावर ठोकळे लावले तिथपर्यंतची ती असते. याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. हीथ्रोसारख्या गर्दीच्या ठिकाणी पुशबॅकपासून, म्हणजे विमान गेटवरून मागे ढकलतात तिथपासून, धावपट्टीपर्यंत वीस मिनिटं सहज जातात, उतरल्यावर गेटपर्यंत आणखी आठ-दहा. वर चढताना आणि खाली येताना विमान 900 ने जात नाही, त्याची पंधरा मिनिटं. हे तीन मिळवले की जातानाचे 12:49 होतात आणि येतानाचे 14:05. त्यावर कंपनी थोडी गादी घालते. गेल्या मोसमातल्या प्रत्यक्ष वेळा बघून, बहुतेक दिवशी विमान वेळेत पोहोचेल असा आकडा वेळापत्रकात टाकतात. तो ठरतो मोसमासाठी, त्या दिवसासाठी नाही. परतीचं तुमचं विमान हीथ्रोला सकाळी पोहोचतं, तेव्हा लांबून आलेल्या विमानांची झुंबड असते आणि आकाशातल्या चार ठरलेल्या जागांवर घिरट्या घालत थांबावं लागतं. दहा-पंधरा मिनिटं तिथे जाणं रोजचंच.

लवकर पोहोचणंही नेहमी फायद्याचं नसतं. एका हिवाळ्यात मी योजना केलेलं एक विमान चाळीस मिनिटं आधी उतरलं. कॅप्टनने मोठ्या अभिमानाने घोषणा केली, लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. गेटवर आधीचं विमान उभं होतं. पस्तीस मिनिटं सगळे टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टी आणि गेट यांमधल्या रस्त्यावर, विमानातच बसून राहिले. दार उघडलं ते जवळपास वेळापत्रकाप्रमाणेच.

आणि उशीर झाला तर वैमानिक वेग वाढवून भरून काढतो का? काढतो, पण फार नाही. 0.85 ऐवजी 0.87 ने गेलं तर तेरा तासांत अठरा मिनिटांच्या आत-बाहेर वाचतात आणि इंधन बरंच जास्त जळतं. गेटवर गेलेला तास हवेत परत मिळत नाही.

म्हणून पुढच्या वेळी अंतर भागिले वेग करण्याआधी फ्लाइटरडार24 किंवा फ्लाइटअवेअरवर तुमच्या फ्लाइटचा नंबर टाका आणि गेल्या दहा-पंधरा दिवसांच्या प्रत्यक्ष वेळा बघा. धावपट्टीची वेळ आणि गेटची वेळ वेगळी दाखवली असेल, तर तुम्ही गेटची घ्या. सरासरी काढू नका. सगळ्यात उशिराची एक वेळ सोडा आणि तिच्या आधीची धरा. मी घरच्यांसाठी असंच करतो. मोसम बदलला की पुन्हा बघा, एप्रिलचे आकडे डिसेंबरला लागू होत नाहीत. नवीन मार्ग असेल आणि जुन्या वेळा मिळतच नसतील, तर आखूड अंतराच्या पाच टक्के वर जा, 900 ने भागा, पाऊण तास मिळवा. पूर्वेकडे जाताना थोडं कमी, पश्चिमेकडे जाताना थोडं जास्त. एवढ्याने अर्ध्या तासाच्या फरकाने उत्तर येतं.

आता तुमचे दोन तास. पोहोचायची वेळ 5:10 म्हणजे ठोकळे लागण्याची. दार उघडून मागच्या रांगेतून बाहेर पडेपर्यंत वीस मिनिटं धरा. पुढच्या विमानाची 7:10 ही वेळ पुशबॅकची आहे, गेट त्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होतं. म्हणजे हातात आहेत साधारण ऐंशी मिनिटं. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील आणि सामान थेट पुढे जाणार असेल तर चांगीसारख्या विमानतळावर एवढं पुरतं. पहिलं विमान अर्धा तास उशिरा आलं तरी धावपळ होईल, पण जमेल. त्यातूनही चुकलं तर पुढची सोय करणं कंपनीचं काम. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर इमिग्रेशन, पट्ट्यावरून सामान घेणं आणि पुन्हा चेक-इन हे सगळं त्या वेळेत बसवावं लागतं. चेक-इन काउंटर बहुतेकदा तासभर आधीच बंद होतो. तशा परिस्थितीत मी दोन तासांवर भरवसा ठेवणार नाही, निदान चार तासांनंतरचं विमान घेईन.

तुमची तिकिटं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, आहेत की वेगवेगळी, आणि महिना कोणता, तेवढं कळवा.